नैसर्गिक विधी (कॅथलिक नीतिविचार)

धर्मग्रंथाच्या आधाराविनाही मानवी बुद्धीला उमगणारा नैतिक नियम. टॉमस अक्वायनस (सु. १२२५–१२७४) याने सुम्मा थिऑलॉजिका या ग्रंथात त्याची मांडणी केली : चांगले ते करावे, वाईट टाळावे, हे मूलतत्त्व; जीवरक्षण, अपत्यसंगोपन, सत्यशोध व समाजजीवन या स्वाभाविक प्रवृत्तींतून पुढचे नियम निघतात. या विचाराची खरी कसोटी अमेरिकेतील स्पॅनिश विजयांनंतर लागली. सालामांका विद्यापीठातील डोमिनिकन अध्यापक फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने १५३९ मधील व्याख्यानांत ठामपणे सांगितले, की अमेरिकेतील मूळ रहिवासी ख्रिस्ती नसले, तरी आपल्या भूमीचे खरे मालक आहेत. पोप किंवा सम्राट साऱ्या जगाचा धनी नव्हे. सम्राटाच्याच राज्यात केलेले हे प्रतिपादन धैर्याचे होते. मात्र प्रवास, व्यापार वा धर्मप्रचार रोखल्यास युद्ध न्याय्य ठरू शकते, असेही त्याने मानले. ही पळवाट लहान नव्हती.