चढाला लागणारा क्लच : खर्ड्याच्या घाटापासून गुलमर्गच्या बर्फापर्यंत

जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे इतिहासात नोंदले गेले. लढाईपूर्वी निजामाची फौज मोहरी घाट उतरून या बाजूला आली होती. बालाघाटाच्या डोंगररांगेतील चढ-उतार या परिसराच्या पाचवीलाच पुजलेले आहेत. आज असे चढ गिअर नसलेल्या स्कूटरवरूनही चढले जातात. मागे एक माणूस, पायाशी धान्याचे पोते आणि निम्म्या चढावर 'दमलेली' गाडी, हे दृश्य घाटरस्त्यांवर नवे नाही. इंजिनाचा आवाज वाढतो. वेग मात्र घटतो. अशा वेळी दोष इंजिनाला दिला जातो आणि खर्चही त्याच्यावरच होतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा इंजिन आणि चाक यांच्या मधल्या यंत्रणेत असतो.

दोन पुली, एक बेल्ट

या यंत्रणेला व्हेरिओमॅटिक म्हणतात. नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये ती प्रवासी मोटारीत आणली. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे गिअरविरहित दुचाकींशी जुने नाते आहे. कायनेटिक इंजिनिअरिंगची 'लुना' १९७२ मध्ये आली. तिला गिअर बदलावे लागत नसत. पुढे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या कायनेटिक होंडा या संयुक्त कंपनीच्या स्कूटरने व्हेरिओमॅटिक भारतीय मध्यमवर्गाच्या दारात आणली. आज पेट्रोलवर धावणाऱ्या बहुतेक गिअरविरहित स्कूटरमध्ये हेच तत्त्व वापरले जाते.

इंजिनाच्या दांड्यावर एक पुली आणि मागील चाकाच्या बाजूला दुसरी, या दोन्हींना जोडणारा एक बेल्ट. प्रत्येक पुली दोन तबकड्यांची असते आणि त्या जवळ किंवा दूर सरकू शकतात. पुढच्या पुलीत रोलर असतात. इंजिनाचे फेरे वाढले, की हे रोलर बाहेर फेकले जातात, तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट पुलीच्या कडेकडे सरकतो. ही झाली 'टॉप गिअर'ची अवस्था. मागच्या पुलीत एक स्प्रिंग आणि तिरक्या खाचेचा कॅम असतो. चढावर चाकावरील भार वाढला, की हा कॅम मागच्या तबकड्या दाबतो आणि बेल्ट पुन्हा 'लो गिअर'कडे येतो. पुढचे रोलर आणि मागचा स्प्रिंग यांची ही अखंड रस्सीखेच असते. क्लच जुळवणे म्हणजे या रस्सीखेचीचा तोल साधणे.

बर्फात कसोटी

या तोलाची सर्वांत कठोर परीक्षा खोल बर्फातील चढावर होते. कॅनडातील जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांच्या कंपनीने १९५९ मध्ये 'स्की-डू' बाजारात आणली. तेव्हापासून वैयक्तिक वापराची स्नोमोबिल जगभर पसरली. गुलमर्गला जाणारे मराठी पर्यटक जिला 'स्नो स्कूटर' म्हणतात, ती हीच गाडी. तिच्यातही दोन पुली आणि एक बेल्ट असतो. फरक एवढाच, की रोलरऐवजी बहुधा वजनदार भुजा असतात आणि मागे निराळा क्लच नसतो. पुढची पुलीच बेल्टला पकडते किंवा सोडते.

ताज्या, मऊ बर्फात गाडी वेगामुळेच तरंगत राहते. वेग मंदावला, की तिचा ट्रॅक बर्फात खोल रुततो. म्हणून चढावर इंजिन सर्वाधिक शक्ती देणाऱ्या फेऱ्यांवरच टिकले पाहिजे. डोंगरी स्नोमोबिलच्या इंजिनात हा आकडा मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या आसपास असतो. त्यात उंचीची भर पडते. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटर उंचीमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते. सपाटीवर जुळवलेल्या भुजा समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर अशक्त झालेल्या इंजिनाला जड होतात आणि फेरे खाली येतात.

जुळवणीचा क्रम

प्रथम स्वच्छता आणि तपासणी. झिजलेला बेल्ट किंवा अडकणारी तबकडी असताना वजन बदलणे व्यर्थ होय. नंतर भर चढावर, पूर्ण थ्रॉटलवर फेरे पाहायचे. सपाट जागेवरील आकडा येथे उपयोगाचा नाही. फेरे अपेक्षेपेक्षा कमी असतील, तर भुजा हलक्या करायच्या; जास्त असतील, तर जड. पुढच्या स्प्रिंगवरून गाडी किती फेऱ्यांवर जागची हलेल हे ठरते. तो फार कडक असल्यास गाडी झटक्याने सुटते आणि ट्रॅक बर्फात खड्डा खणतो. मागच्या कॅमचा कोन कमी ठेवल्यास बेल्ट 'लो गिअर'कडे लवकर परततो. मागचा स्प्रिंग अतिकडक केला, तर बेल्ट तापतो आणि शक्ती वाया जाते. थांबल्यावर, इंजिन बंद करून पुली हाताला फार गरम लागते का, हे पाहणे ही घसरणाऱ्या बेल्टची सोपी परीक्षा आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि उंची व तापमानासह त्याची नोंद ठेवावी, हा सर्वांत महत्त्वाचा नियम.

यात प्रश्न केवळ हौसेचा नाही. हिमस्खलनाच्या उतारावर रुतलेली गाडी जिवावर बेतू शकते. म्हणूनच अशा उतारावर एका वेळी एकानेच जावे, असा दंडक आहे.

पुन्हा घाटाकडे

घाटातील स्कूटरला हेच शास्त्र लागू पडते. रोलर एका बाजूने चपटे झाले किंवा बेल्ट अरुंद झाला, की गाडी चढावर मार खाते. अशा वेळी इंजिन उघडण्यापूर्वी बेल्टचे झाकण उघडून रोलर, बेल्ट आणि क्लच शू तपासून घेणे शहाणपणाचे. हलके रोलर बसवल्यास चढावर जोर मिळतो. परंतु सपाट रस्त्यावर इंजिन अधिक फिरते आणि पेट्रोल अधिक लागते. रोलर फारच हलके झाले, तर इंजिन शक्तीचा शिखरबिंदू ओलांडते आणि आवाजाशिवाय हाती काही लागत नाही. नेहमी घाटातूनच जाणे नसेल, तर कंपनीने ठरवलेले वजनच योग्य.

क्लच इंजिनाला नवी शक्ती देत नाही. असलेली शक्ती चढावर, नेमक्या वेळी चाकापर्यंत पोहोचवणे एवढेच त्याचे काम. गुलमर्गच्या बर्फात असो वा बालाघाटाच्या चढावर, ते चुकले की भक्कम इंजिनही निम्म्या वाटेवर हात टेकते.