जोर, बैठका आणि सँडोची डंबेल्स: औंध ते अमरावती

१/८
शेंदूरजनाघाट. सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या बागांमध्ये वसलेले अमरावती जिल्ह्यातील छोटे शहर. येथील एखाद्या तरुणाने आज घरीच ताकद कमवायचे ठरवले, तर पहिला प्रश्न पडतो साधनांचा. शतकापूर्वीच्या महाराष्ट्रातही हाच प्रश्न होता आणि त्याला राजकीय धार होती.

२/८
१८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. शरीर कमावण्यास मात्र परवाना लागत नव्हता. पुण्यात चापेकर बंधूंनी तरुणांना व्यायामासाठी एकत्र केले. १८९७ मध्ये रँडची हत्या झाली आणि अशा मंडळांकडे सरकार संशयाने पाहू लागले.

३/८
त्याच सुमारास युरोपातला प्रसिद्ध बलोपासक युजेन सँडो घरगुती व्यायामाची साधने विकत होता. त्याची स्प्रिंगची डंबेल्स टपालानेही मागवता येत. १९०४-०५ मध्ये त्याने भारताचा दौराही केला. बलसंवर्धन आता बाजारातली वस्तू झाले होते.

४/८
औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी त्याच्या ग्राहकांपैकीच एक. सुमारे दहा वर्षे त्यांनी सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले, संस्थानातील शाळांत त्याचा प्रसार केला आणि १९२८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

५/८
या व्यायामाचे शास्त्र साधे आहे. जोर काढताना छाती, खांदे व दंड शरीराचा भार पेलतात. बैठकांत तो मांड्यांवर येतो. वजन विकत घ्यावे लागत नाही. संख्या हळूहळू वाढवत नेली, की श्रमही वाढतात. त्यापुढचे साधन म्हणजे लाकडी मुद्गल.

६/८
वऱ्हाडात या परंपरेला संस्थेचे रूप मिळाले. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. पुढे भगतसिंग व सुखदेव यांच्यासह फाशी गेलेले राजगुरूही येथे व्यायामाचे शिक्षण घेऊन गेले.

७/८
१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. यातील विसंगती नजरेआड करता येत नाही: पारतंत्र्यातील तरुणांना हे व्यासपीठ मिळाले ते नाझी राजवटीच्या प्रचारसोहळ्यात. मुद्गल मात्र त्याआधीच, ब्रिटिश सैन्यामार्फत, युरोपात पोहोचले होते. १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची स्पर्धाही झाली.

८/८
म्हणून जोर-बैठकांना केवळ ‘गरिबाचा व्यायाम’ म्हणणे इतिहासाला धरून नाही. महागडी साधने परवडणारा औंधचा राजाही शेवटी अंगणातल्या जमिनीकडेच परतला. शेंदूरजनाघाटच्या त्या तरुणाला आरंभासाठी हात पसरता येतील एवढी जागा पुरे. पहिल्या दिवशी पाच जोर, दहा बैठका. पुढची संख्या शरीराला सवय होईल तशी.