एकक-दशक घरीच शिकवा: वही, तुराट्या आणि कागदी नोटा पुरेत

ग्रामीण वार्ताहर :

पोरगं शंभरपर्यंत अंक धडाधड म्हणतं, पण 'सत्तावीस लिही' म्हटलं की ७२ लिहितं. ही तक्रार घरोघरी ऐकू येते. यात पोराचं डोकं कमी नसतं. त्याला एकक-दशक, म्हणजे अंकाची स्थानिक किंमत, कळलेली नसते. ती पहिली-दुसरीत पक्की झाली नाही तर पुढे हातच्याची बेरीज आणि वजाबाकी अडते, आणि मग मूल गणितालाच भिऊ लागतं.

गोंधळ का होतो?

आपण मराठीत एकक आधी बोलतो. सत्तावीस म्हणताना 'सात' आधी, 'वीस' नंतर. लिहिताना मात्र २ आधी, ७ नंतर. त्यात एकोणतीस, एकोणसाठ हे शब्द 'एक कमी' असे सांगतात आणि ९९ ला मात्र आपण नव्व्याण्णव म्हणतो. याच अडचणीसाठी २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत दिली होती. त्यावरून राज्यभर वाद झाला. घरी शिकवताना दोन्ही सांगा: "सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात."

१) काड्यांचे गठ्ठे

तुराट्यांचे बोटाएवढे तुकडे करा. झाडूच्या काड्याही चालतील. वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे 'द', उजवीकडे 'ए' लिहा. मुलाला ३४ काड्या मोजू द्या. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा करायचा, आणि तो मुलानंच बांधायचा. तीन गठ्ठे 'द' खाली, चार सुट्या 'ए' खाली. मग त्याच्याखाली अंक लिहायचा. ३४ मधला ३ म्हणजे तीन नाही, तीस, हे तेव्हा डोळ्याला दिसतं.

आता ३४ मधून ८ काढायला सांगा. सुट्या चारच आहेत. मग एक गठ्ठा सोडायचा. राहिले दोन गठ्ठे, सुट्या झाल्या चौदा. त्यातून आठ गेल्या, उरल्या २६. वजाबाकीत दशकाकडून एक घेतो तो हाच.

२) अंकांच्या पट्ट्या

चौकटीच्या वहीचं पान घ्या. तीन चौकटींच्या पट्टीवर ३००, दोन चौकटींच्या पट्टीवर ४०, एका चौकटीवर ५ लिहून कापा. उजव्या कडा जुळवून एकावर एक ठेवा, ३४५ दिसेल. मधली ४० ची पट्टी काढली की ३०५. शून्य जागा कशी धरून ठेवतं ते यात कळतं. 'तीनशे पाच'ला ३००५ लिहिणाऱ्या मुलांना याचा फार उपयोग होतो.

३) नोटांचा खेळ

कागदाच्या १, १० आणि १०० रुपयांच्या नोटा करा. फासा टाकायचा, पडेल तेवढे रुपये घ्यायचे. एकाच्या दहा नोटा झाल्या की दहाची एक बदलून घ्यायची. दर डावाला वहीत 'द' आणि 'ए' खाली हिशोब लिहायचा. ज्याची शंभराची नोट आधी होईल तो जिंकला.

हे लक्षात ठेवा

आधी काड्या, मग नोटा. गठ्ठ्यात दहा काड्या खरंच असतात. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ते मानावे लागतात. चुकलं तर रागावू नका, "काड्या मांडून दाखव" एवढंच म्हणा. रोज पंधरा मिनिटं पुरे. शाळेत मणीमाळ असेल तर गुरुजी किंवा बाईंना ती वापरायला सांगा.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात पहिलीला ९९, दुसरीला ९९९ आणि तिसरीला ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं ठरलं आहे. आपलं मूल कुठं आहे ते त्यावरून तपासा.

पुढं काटापट्टीवरचं वजन असो, बँकेची स्लिप असो की सातबाऱ्यावरचे आर, सगळीकडे अंक कोणत्या घरात बसला यावरच त्याची किंमत ठरते. एक शून्य इकडचं तिकडं झालं तर नुकसान आपलंच.