‘नंतर’ आणि ‘मुळे’

लस टोचल्यावर एखाद्यास काही अपाय झाला, तर आरोग्यखात्याच्या दप्तरी त्याची नोंद ‘लसीकरणानंतरची अनिष्ट घटना’ अशी होते. यातील ‘नंतर’ हे अव्यय आम्हांस फार मोलाचे वाटते. तेथे ‘मुळे’ लिहिलेले नाही. घटना आधी टिपावयाची, कारण मागाहून ठरवावयाचे, असा तो संकेत आहे. एकामागून एक आलेल्या प्रसंगांत कार्यकारण पाहण्याची खोड कथावाचकास असतेच. ती न्यायासनावर बसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या परळशी जोडलेले आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली, आणि तेथून लशीच्या बाटल्या थेट पंजाबापर्यंत जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी (हे गाव आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. तिचा क्रमांक ५३-एन. उरलेल्या बाटल्यांतून ज्यांना टोचले, त्यांना काही झाले नाही.

लशीनंतर मृत्यू, म्हणून लशीमुळे मृत्यू. हाफकिन यांनी निर्जंतुकीकरणाची रीत बदलली होती, कार्बॉलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भर दिला होता. चौकशी आयोगाने बोट ठेवले ते त्याच बदलावर: बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेतच, दूषित झाली असावी. हाफकिन यांचे पद गेले. वास्तविक उत्तर कागदपत्रांतच पडलेले होते. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला. शिवाय उघडताना बाटलीला दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू तीत कित्येक आठवडे वाढत असते, तर ती येती. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हे मांडले, तेव्हा कोठे हाफकिन यांच्यावरील कलंक पुसला गेला. परंतु ते परळला परतले नाहीत, त्यांना कलकत्त्यास धाडण्यात आले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली. आम्हांस मात्र राहून राहून त्या बाटलीवरील क्रमांकाचे अप्रूप वाटते. तो टिपलेला नसता, तर १९ मृत्यू १०७ जणांत विखुरले असते आणि रॉस यांच्या हाती युक्तिवादाला धागाच उरला नसता. आजच्या वर्गीकरणात ही घटना ‘लशीतील दोष’ या रकान्यात न पडता ‘लसीकरण करतानाची चूक’ या रकान्यात पडली असती. त्या काळी असे रकानेच नव्हते.

‘नंतर’चा फसवेपणा उलट दिशेनेही चालतो. कोकणात तो सुईऐवजी नांगीच्या बाबतीत दिसला. (विंचू हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. आणि तो चावतही नाही. पण मराठीने ‘चावला’ म्हटले आणि नाथांच्या भारुडाने ते अजरामर केले. असो.) विंचवाचे बहुतेक दंश नुसत्या वेदना देऊन उतरतात. त्यामुळे मांत्रिकाने मंत्र घातल्यानंतर रोगी बरा झाला, की तो मंत्रामुळे बरा झाला असे ठरे. तांबड्या विंचवाच्या दंशाने जे दगावत, त्यांचे खापर अर्थातच मंत्रावर फुटत नसे. त्यांना उशीर झालेला असे, किंवा त्यांचे प्रारब्ध खोटे असे.

हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी या मृत्यूंकडे प्रारब्ध म्हणून पाहिले नाही. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला व पुढे कोसळलेला रक्तदाब, फुप्फुसांत साठणारे पाणी यांची क्रमवार टिपणे ठेवली. ती लक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. विषाने शरीराची स्वायत्त चेतासंस्था खवळते, रक्तवाहिन्या आवळतात आणि भार हृदयावर येतो, असा या क्रमाचा अर्थ लागला. मग रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसिन त्यांनी देऊन पाहिले. गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण पूर्वी शेकडा तीसच्या घरात होते, ते त्यानंतर फार खाली आले.

येथेही ‘त्यानंतर’च लिहिले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. औषध आणि सुधारणा यांतील ‘मुळे’ सिद्ध करण्यास तुलना लागते. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बावस्करांनी अशी तुलना छापली. एका गटास केवळ प्राझोसिन, दुसऱ्यास त्याच्या जोडीला विंचूप्रतिविष, प्रत्येक गटात ३५ रुग्ण. दहा तासांच्या अखेरीस प्रतिविषाच्या गटातील ३२ जण पूर्ण बरे होते, केवळ प्राझोसिनच्या गटातील ८.