दफ्तर, कायदा आणि विस्मरण

वर्णभेदी राजवट मावळत असताना, १९९३ साली, दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय गुप्तचर खात्याने सुमारे ४४ टन दस्तऐवज नष्ट केले, अशी नोंद सत्य व सलोखा आयोगाने केली आहे. १९९६च्या संविधानातील ३२वे कलम आणि २०००चा माहिती-अधिकार कायदा आम्ही या पार्श्वभूमीवर वाचतो. हक्करक्षणासाठी आवश्यक असल्यास खासगी संस्थांकडील माहितीही तेथे मागता येते.

शेजारच्या झिम्बाब्वेत मात्र २००२च्या कायद्याने ‘माहिती’ हा शब्द शीर्षकात मिरवला आणि वृत्तपत्रांना परवान्यांत जखडले; २००३मध्ये ‘डेली न्यूज’ बंद पाडले गेले. तो कायदा २०२०मध्ये रद्द झाला.

कायदा बदलता येतो. नष्ट झालेले दफ्तर कोणत्याही अर्जाने परत मिळत नाही. म्हणूनच दफ्तर जपणे ही माहितीच्या हक्काची पहिली अट होय, असे आम्हांस वाटते.