मोकळ्या मनाचे मोल

विवाहापूर्वी परस्परांस पारखून घेण्याची जी नवी रीत आपल्या तरुण पिढीत रूढ होत आहे, तिला ‘डेटिंग’ असे परक्या भाषेतील नाव आहे. नाव परके असले, तरी तिच्या पोटातील प्रश्न परका नाही. मोबाइलच्या पडद्यावर ओळख होते, निवडक छायाचित्रे पुढे केली जातात, आवडीनिवडी कळविल्या जातात. आणि मग एखाद्या उपाहारगृहात समोरासमोर बसल्यावर खरी अडचण सुरू होते. आपण आहो तसे दिसावे, की समोरच्यास रुचेल तसे दिसावे? मोडलेले पहिले लग्न, घरातील आजार, डोक्यावरील कर्ज, मनातील धास्ती, यांपैकी काय सांगावे आणि केव्हा सांगावे? वडील माणसे म्हणतात की, आमच्या वेळी ही भानगडच नव्हती. पत्रिका जमली, मुलगी पाहिली, लग्न लागले. तरुण मंडळी म्हणतात की, मन उघडे करण्याचे धैर्य आमच्याच काळात आले. आमच्या मते दोन्ही पक्षांनी थोडे मागे वळून पाहावे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, पत्रिका आणि पंगत यांच्याच जगात, दोन माणसांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडविला होता. त्यांपैकी एक देवरूखची होती.

देवरूख हे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे मुख्य गाव. सह्याद्रीच्या कुशीतील मारळ येथील श्रीमार्लेश्वराचे स्थान येथून जवळच आहे. दर मकरसंक्रांतीस तेथे मार्लेश्वराचे साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागते, आणि भाविकांची मोठी यात्रा भरते. देवाचे लग्न दरवर्षी नव्याने लावणाऱ्या या मुलुखात माणसाच्या मुलीचे लग्न मात्र एकदाच होत असे, मग ते तीन महिन्यांत संपले तरीही. बाळकृष्णपंत जोशी यांची कन्या गोदूबाई हिचे तसेच झाले. माखजनच्या नातू घराण्यात तिला दिली. लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत, वयाच्या आठव्या वर्षी, ती विधवा झाली. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो संपला होता, आणि पुढची बरीच वर्षे सासरच्या घरी राबण्यात जावयाची होती.

अशा मुलीचे दुःख खासगी राहत नसे, ही गोष्ट आजच्या वाचकाने नीट ध्यानी घ्यावी. विधवेचा वेश, सणासमारंभातील तिची बंदी, सकाळी तिचे तोंड दिसू नये म्हणून होणारी धडपड, या सर्वांनी तिचे उणे चारचौघांत जाहीर केलेले असे. लपवावयास तिच्यापाशी काही उरतच नसे. विधुर पुरुषाची गोष्ट निराळी होती. त्याच्या अंगावर त्याच्या दुःखाची कोणतीही खूण समाज ठेवीत नसे; वर्ष उलटण्याच्या आत तो पुन्हा बोहल्यावर उभा राही, आणि त्यास कोणी काही विचारीत नसे.

गोदूबाईंचे बंधू नरहरपंत हे धोंडो केशव कर्वे यांचे मुंबईतील स्नेही. दोघांचे बिऱ्हाड एकत्र होते. गोदूबाई मुंबईस आल्या त्या या बिऱ्हाडात. कर्व्यांची पत्नी राधाबाई तेथेच होत्या. पुढे ज्यांचा विवाह व्हावयाचा, त्या दोघांची पहिली ओळख अशी स्वयंपाकपाण्याच्या धबडग्यात झाली, ठेवणीतली वस्त्रे नेसून झाली नाही. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले, तेव्हा तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी होण्याचा मान देवरूखच्या या मुलीस मिळाला. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास गेले, आणि त्याबरोबर गोदूबाईही गेल्या.

१८९१ साली राधाबाई निवर्तल्या. पाठीमागे १८८२ साली जन्मलेला मुलगा रघुनाथ होता. त्याच वर्षी कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. तेहतीस वर्षांचा, चित्पावन घराण्यातील, कॉलेजातील शिक्षक असा हा विधुर होता. त्यास दहा-अकरा वर्षांची कुमारिका वधू मिळावयास काहीच अडचण नव्हती. कर्व्यांनी मात्र निश्चय केला होता की, लग्न करावयाचे तर विधवेशीच.

या निश्चयाचे वजन कळण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे. विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. मुंबई इलाख्यात विष्णुशास्त्री पंडित यांच्या मंडळीच्या खटपटीने १८६९ साली ब्राह्मण विधवेचा गाजलेला पुनर्विवाह झाला. त्यावर १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे वाद झाला, आणि पुनर्विवाहवाल्यांस बहिष्कार सोसावा लागला. या पक्षातील एक मोठे नाव न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. परंतु १८७३ साली त्यांची प्रथम पत्नी निवर्तली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. त्या विवाहातून पुढे जे सहजीवन फुलले, ते रमाबाईंच्या आठवणींत वाचून कोणाचेही मन भरून येईल. रानड्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. वीस वर्षांनी कर्व्यांसमोर हे उदाहरण होते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. रानड्यांसारख्या थोर पुरुषासही जे जमले नाही, ते करण्याची बुद्धी एका सामान्य ऐपतीच्या शिक्षकास झाली.

कर्व्यांनी आपला निश्चय आडपडदा न ठेवता बोलून दाखविला. गोदूबाईंचे वडील बाळकृष्णपंत हे देवरूखसारख्या गावात वाढलेले जुने गृहस्थ. तरी त्यांनी आपल्या मुलीच्या या विवाहास संमती दिली. गोदूबाई आता अजाण बालिका नव्हत्या. होकार त्यांचा त्यांनीच द्यावयाचा होता. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे शारदासदनाच्या स्थापनेस बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि घरात व पुढे संस्थेत सर्वांच्या ‘बाया’ झाल्या.

आता या व्यवहारात कोणी काय पणास लावले, याचा हिशेब मांडून पाहू. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहित स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क जात असे. सासरचा आसरा तुटे, माहेरची माणसेही अडचणीत येत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाचे वेतन म्हणजे महिना ७५ रुपये. अशा वेतनाच्या घरी सावत्र मुलाची आई म्हणून जावयाचे, हे बायांनी पत्करले. परंतु ज्यास काहीच गमवावे लागले नसते, त्या कर्व्यांनी काय केले हे अधिक पाहण्यासारखे आहे. विवाहानंतर ते पत्नीसह आपल्या मुरूड गावी गेले. तेथील ग्रामस्थांनी बहिष्काराचा ठराव केला. कर्व्यांस घरात उतरू दिले तर त्यांच्या भावाच्या कुटुंबासही वाळीत टाकण्यात येईल, असे ठरले. पुण्यात गुपचूप संसार थाटून गावास अंधारात ठेवण्याचा मार्ग मोकळा होता. तो त्यांनी घेतला नाही. आई आणि भाऊ यांच्या दारात परका होण्याचे दुःख त्यांनी उघडपणे सोसले.

आमच्या मते या हकीकतीचे मर्म येथे आहे. मन मोकळे करावे, असा उपदेश करणे सोपे आहे. पण तो उपदेश सर्वांस सारखा लागू नाही, कारण त्याची किंमत सर्वांस सारखी पडत नाही. ज्याचे उणे समाजाने आधीच चव्हाट्यावर मांडले आहे, त्यास ‘खरे बोल’ म्हणणे म्हणजे जखमेवरची खपली पुन्हा काढणे होय. ज्यास रूढीने आच्छादन दिले आहे, त्याने ते आपल्या हातांनी बाजूस सारणे, हा खरा मोकळेपणा. कर्व्यांनी गोदूबाईंच्या दुःखाची कीव केली असती, तर ते दयाळू म्हटले गेले असते. त्यांनी बहिष्कारात तिच्या शेजारी स्वतःस उभे केले; त्यामुळे दोघे एका पातळीवर आली.

कोणी म्हणेल की, मग विधवेस मुक्त होण्याचा मार्ग पुन्हा विवाहातूनच जातो की काय? त्याचे उत्तर याच देवरूखच्या घरात आहे. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही ऐन तारुण्यात विधवा झाल्या. बहिणीचा पुनर्विवाह त्यांच्या डोळ्यांदेखत होता. तरी आपण पुन्हा लग्न करावयाचे नाही, हा त्यांचा निश्चय होता आणि तो त्यांनी पाळला. कर्व्यांनी १८९६ साली स्थापन केलेल्या, आणि १९०० साली हिंगण्यास गेलेल्या, अनाथ बालिकाश्रमास त्यांनी आपले आयुष्य वाहिले. गावोगाव वर्गणी मागितली, पुढे स्वतः विचार करून केशवपनाची चाल सोडली, आणि १९१८ साली अमेरिकेस जाऊन घरकामाच्या नोकऱ्या करीत इंग्रजी भाषा शिकल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हे सर्व त्यांनी सांगितले आहे. एका बहिणीने होकार दिला, दुसरीने नकार दिला. दोघींचा शब्द दोघींचा स्वतःचा होता. ज्यात नकारासही जागा आहे, त्याच ठिकाणी होकारास काही अर्थ येतो.

आणखी एक गोष्ट. खरेपणा लग्नाच्या दिवशी संपत नाही. बहुधा तेथून त्याची कसोटी सुरू होते. कर्व्यांचा जीव संस्थेत गुंतलेला, पैसा आणि वेळ तिकडे जाणार. घरी रघुनाथ आणि पुढे झालेले शंकर, दिनकर, भास्कर हे मुलगे. संसाराची ओढाताण बायांच्या वाट्यास आली. त्यांनी ती सोसली, पण गोड मानून घेतल्याचा बहाणा केला नाही. १९४४ साली त्यांचे ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झाले. ‘पुराण’ हा शब्दच पाहा. लांबण लावणाऱ्या माणसास आपण घरात ज्या शब्दाने चिडवितो, तो शब्द त्यांनी आपण होऊन आपल्या चरित्रास दिला. सारा महाराष्ट्र ज्यांस महर्षी म्हणत होता, त्या पतीविषयीच्या आपल्या तक्रारी त्यांनी त्यात, पती हयात असताना, स्पष्टपणे नोंदविल्या. जी दोन माणसे लग्नापूर्वी एकमेकांपासून काही लपवीत नाहीत, त्यांच्यात पन्नास वर्षांनंतरही तक्रार राहू शकते, आणि ती बोलूनही दाखविता येते. १९५० साली बाया वारल्या. कर्व्यांस १९५८ साली भारतरत्न मिळाले, आणि १९६२ साली, एकशे चार वर्षांचे होऊन, ते गेले.

आज कायदा निराळा आहे, वेश निराळा आहे, आणि देवरूखची मुलगी शिकावयास बाहेर पडली तर गाव तिला वाळीत टाकीत नाही. परंतु स्थळ पाहताना जे प्रश्न विचारले जातात, ते ऐकावे. घटस्फोटितेस कारण विचारतात. घटस्फोटितास क्वचितच विचारतात. मुलीच्या आधीच्या ओळखीपाळखीचा शोध घेतात; मुलाच्या बाबतीत ‘वय असते तसे’ म्हणून सोडून देतात. मोबाइलवर जुळलेल्या ओळखीतही हा जुना तराजू तसाच राहतो, फक्त तो मध्यस्थाच्या हातून तरुणांच्या हाती आला आहे. ज्यास मन उघडे करण्याची हौस असेल, त्याने प्रथम पाहावे की, आपल्या बाजूस रूढीने काय काय झाकून ठेवले आहे. ते त्याने आधी सांगावे. मग समोरचे माणूस बोलले तर ऐकावे, आणि ते गप्प राहिले तर त्या गप्प राहण्याचाही मान राखावा. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी मुलेमुली लग्नाच्या वयाची आहेत, त्यांनी ‘माझे पुराण’ आणि ‘माझी कहाणी’ ही देवरूखच्या दोन बहिणींची पुस्तके त्यांच्या हाती द्यावीत, आणि शक्य तर त्याआधी स्वतः वाचावीत.