कल्याण प्रांतांतील रानजमीन व तीवरील अवजारांची निवड

ठाणें, कल्याण, मुरबाड, शहापूर ह्या बाजूस झाडीची जमीन ज्यांच्या मालकीची आहे अशा गृहस्थांपुढें हल्लीं एक प्रश्न वरचेवर उभा राहतो. रान कांहीं अंशीं मोकळें करावयाचें, वाट पाडावयाची, पडलेलें लांकूड ओढून काढावयाचें. तर ह्या कामीं वापरलेला जुना ट्रॅक्टर घ्यावा, कीं पट्ट्यांवर चालणारा लहान लोडर घ्यावा? हा प्रश्न केवळ यांत्रिकाचा, इतिहासाभ्यासकाचा त्याशीं संबंध काय, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु कोणत्या जमिनीस कोणतें अवजार लावावें हा विचार ह्या प्रांतांत फार जुना असून त्याचा माग जुन्या कागदांतूनच लागतो. शिवाय यंत्र चुकीचें निवडलें गेल्यास आपल्या अभ्यासाचीं कांहीं साधनें कायमचीं नष्ट होतात. म्हणून ह्या विषयाचा येथें थोडा विचार केला आहे.

ठाणें जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत सारा बिघ्यावर न आकारतां अवजारावर आकारण्याची जुनी चाल होती. नांगर, कुदळ व कोयता हीं तीं अवजारें. ही केवळ मोजणी टाळण्याची सोय होती असें समजणें बरोबर नाहीं. ह्या तीन अवजारांमागें जमिनीचे तीन प्रकार आहेत. खाचरांतील भातजमिनीस बैलांचा नांगर चालतो. उंचवट्यावरील वरकस जमीन कांहीं वर्षें नाचणी, वरी पिकवून पुढें पड टाकावी लागते. डोंगरउतारावरील दळीस नांगर लागतच नाहीं. झुडपें व फांद्या तोडून जाळावयाच्या आणि त्या राखेंत बीं फेंकावयाचें. भाताच्या रोपासाठीं राब भाजण्याची रीतहि ह्याच जातीची. तींत ऐनादि झाडांचा पाला व डहाळ्या घेतात, खोड उभें राहतें. सारांश, कोयत्याच्या व कुदळीच्या जमिनींत बुंधा आणि मूळ शाबूत राहत असे, आणि तेथूनच पुन्हां फूट येई. मूळ उपटणारें अवजार ह्या उतारांवर चालत नव्हतें. पावसाळ्यांत जेथें माती धरून ठेवण्यास मुळांखेरीज दुसरें कांहीं नाहीं तेथें ही रीत अडाणीपणाची म्हणतां येणार नाहीं.

मोठ्या लांकडाची कथा निराळी. इ. स. १६५७ त कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या हातीं आल्यावर तेथील खाडींत गलबतें बांधण्याचा उद्योग सुरू झाला आणि त्याची धास्ती वसईच्या व गोव्याच्या पोर्तुगीजांनीं घेतली, हें सर्वश्रुत आहे. जहाजास सागवान पाहिजे, सागवान सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे, आणि उल्हास नदी व तिला मिळणाऱ्या काळू-भातसा हें पाणी खाडीकडेच वाहतें. कल्याण हें बंदर व लांकडाचा बाजार होण्यास ही रचना कारण झाली. तथापि ओला साग पाण्यांत बुडतो. तो वाळल्याशिवाय तरंगत नाहीं. त्यामुळें तोडीपासून बंदरापर्यंत बैल, उतार आणि सवड ह्या तिहींची गरज पडे. जेथून बैलांस ओंडका ओढवत नसे तेथील झाड सहसा उभेंच राही.

ह्या तोडीविषयीं राजनीतीचा निर्णय रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे इ. स. १७१५ त, आला आहे. आरमाराच्या प्रकरणांत त्यांचें म्हणणें असें कीं, साग वगैरे वृक्ष राज्यांतील रानांतून हुजूरच्या परवानगीनें तोडावे आणि अधिक लागेल तें परमुलखांतून खरेदी करून आणावें. आंबा, फणस हींहि कामाचीं लांकडें. पण त्यांस हात लावूं नये, कारण तीं वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. बलात्कार करूं नये. येथें दोन अटी स्पष्ट दिसतात: झाडाची अवस्था आणि धन्याची राजी. पहिली पुरी झाली म्हणून दुसरी टळत नाहीं.

आगगाडी इ. स. १८५३ त ठाण्यास व १८५४ त कल्याणास पोंचल्यावर बैल आणि नदी ह्यांची मर्यादा सुटली. लोहमार्गास फळ्या पाहिजेत, मुंबईस जळण पाहिजे, तोड वाढली. पुढें १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारी बंधनें आलीं, राबाच्या हक्कावरून तंटे माजले, आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणीं ऐकण्याकरितां १८८५ त मुंबई जंगल कमिशन नेमावें लागलें. कोयत्याची मर्यादा कोणती, हाच त्या वादाचा गाभा होता.

मुळासकट रान काढणारें यंत्र मात्र विसाव्या शतकाचें. कॅलिफोर्नियांत बेंजामिन होल्ट ह्यानें १९०४ त वाफेच्या ट्रॅक्टरास चाकांऐवजीं पट्टे लावून पाहिले. कारण तेथील भुसभुशीत ओल्या जमिनींत चाकें रुतत. पट्ट्यानें भार पसरतो, हें त्यांतील तत्त्व. आपल्या देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्यानें मागें ठेविलेले ट्रॅक्टर दुरुस्त करून केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेनें मध्य हिंदुस्थानांतील कांसाच्या गवतानें ग्रासलेल्या जमिनी मोडल्या, आणि ह्याच कामासाठीं १९४९ त जागतिक बँकेचें एक कोटी डॉलरचें कर्ज घेण्यांत आलें. म्हणजे जुनें यंत्र घेऊन जमीन काढण्याची प्रथाहि आतां पाऊणशें वर्षांची आहे. परंतु ती सपाट, खोल, काळ्या मातीची जमीन होती. तेथील अनुभव सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुरमाड उतारास जसाचा तसा लागू करतां येत नाहीं.

आजचा लहान लोडर हा केलर बंधूंनीं मिनेसोटांत १९५७ त कोंबड्यांच्या जातीच्या टर्की पक्ष्यांच्या गोठ्यासाठीं केलेल्या यंत्राच्या वंशांतला. पुढें त्यास पट्टे आले. ओल्या मातींत तो चांगला चालतो, अरुंद जागेंत जागच्या जागीं वळतो. पण तसा वळतांना वरची माती खरवडतो, आणि धारदार खडकावर त्याचे रबरी पट्टे लवकर फाटतात. ट्रॅक्टर रस्त्यानें स्वतः जातो, ओंडका ओढतो, ट्रॉली नेतो, खाचरांत चिखलणी करतो. मात्र आडव्या उतारावर उलटण्याचें भय असतें आणि तुटक्या बुंध्यांनीं टायर फुटतात. म्हणून ज्यास खाचर, वरकस व थोडी झाडी अशी मिश्र जमीन आहे त्यानें चारहि चाकांस जोर असणारा जुना ट्रॅक्टर घ्यावा, आणि लोडराचें काम चार दिवसांचें असेल तर तो भाड्यानें आणावा, हें आमचें मत आहे.

जुन्या यंत्राची पारख जुन्या कागदाच्या पारखीहून फारशी निराळी नाहीं. पत्रावरील मितीवर आपण एकट्या विसंबत नाहीं; कागद, शाई, वळण, शिक्का ताडून पाहतों. तसेंच तास दाखविणाऱ्या घड्याळावर विसंबूं नये. पायटे व आसन किती झिजले, पट्टा ओढणाऱ्या चक्राचे दांते आंकड्यासारखे वांकले काय, रोळ सैल आहेत काय, सांध्यांच्या खिळ्यांत खेळ किती, हें पाहावें. हे साक्षी घड्याळाशीं जुळले पाहिजेत. इंजिन थंड असतां सुरू करवावें. निळा धूर सतत आला तर तेल जळत आहे असें समजावें. भार उचलून हात वर ठेवावा व तो आपोआप खालीं येतो काय तें पाहावें. ट्रॅक्टराच्या सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीच्या पुस्तकाशीं ताडावा व बँकेचा बोजा उतरला आहे ह्याची खात्री करावी. लोडराच्या पट्ट्यांचा व खालच्या भागाचा खर्च सर्वांत भारी, तो किंमतींतून वजा धरावा.

यंत्राच्या आधीं जमिनीचे कागद पाहावे, हें सांगणें अवश्य आहे. सात-बारा व त्यावरील फेरफार वाचल्यावांचून कोणी रानास हात लावूं नये. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम १९६४ चा आहे; सागाबरोबर आंबा व फणसहि त्याच्या यादींत आहेत, हें आज्ञापत्र वाचणाऱ्यास लक्षांत घेण्याजोगें वाटेल. खासगी वनें ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारकडे गेलीं, आणि ठाणें जिल्ह्यांत त्यावरून पुष्कळ वाद झाले. धन्याची राजी व हुजूरची परवानगी ह्या दोन्ही अटी आजहि टिकून आहेत.

शेवटीं, ज्या नुकसानीस भरपाई नाहीं तिचा उल्लेख करितों. ह्या प्रांताचा शिलाहारकालीन इतिहास बराचसा दगडांवरून लिहिला गेला आहे. अंबरनाथच्या देवळांतील शके ९८२ चा लेख, भिवंडीजवळ चौधरपाडा येथील केशिदेवाचा शके ११६१ चा लेख, हीं उदाहरणें पुरेत. असे दगड, तसेच गधेगळ, वीरगळ व गांवशिवेचे धोंडे बांधाकडेला, झुडपांत अर्धवट पुरलेले असतात. कुदळ लावणारा मनुष्य धोंड्याशीं थांबतो, त्यावरील आकृति पाहतो, शेंदूर लावतो. लोडराच्या पात्यामागें बसलेल्यास धोंडा दिसत नाहीं, आणि दिसला तरी तो अडथळा म्हणून ढिगांत जातो. एकदां जागा सुटली कीं शिवेच्या धोंड्याचा अर्धा अर्थ गेला. यास्तव रान मोकळें करण्यापूर्वीं मालकानें कोयत्यानें झुडूप साफ करवून जमीन पायीं फिरावी, कोरींव वा उभा पुरलेला दगड दिसल्यास भोंवतीं खुंटे रोवावे व पुरातत्त्व खात्यास कळवावें.

संग्राहकांस विनंति अशी कीं, कल्याण, भिवंडी, मुरबाड ह्या भागांतील देशमुख-कुळकर्ण्यांच्या दप्तरांत नांगर, कुदळ वा कोयता ह्यांवरील आकारणीचे कागद असल्यास त्यांची नक्कल करून ठेवावी. कोणत्या गांवच्या कोणत्या उतारावर पूर्वीं कोयताच चाले, हें त्यांवरून ठरवितां येईल. आणि तेथें आज लोखंडी पातें घालणें कितपत शहाणपणाचें, हेंहि ठरेल.